शेवटचं वाक्य तालमीत म्हणायचं नसतं

स्केलबी,
रविवार, ९ ऑक्टोबर १९५५

ती. आईस,

सा. न. वि. वि. आणि समोर असतीस तर जे काही तोंडातून निघालं नसतं तेही सगळं.

मी नीट पोचले. पत्राला उशीर झाला, कारण काय लिहू आणि काय नको तेच ठरत नव्हतं. गुरुवारचं तुला कळवायचं नाही अशी आजोबांनी मला ताकीद दिलीय. पण तू मला इथे त्यांच्यावर लक्ष ठेवायला पाठवलंस. शाळा सुटली आणि आपल्या लोकरीच्या दुकानात गिऱ्हाईकापुढे माझी बोबडी वळते, तेही कारण आहेच म्हणा. तर सांगते. त्यांना मात्र उलट लिहू नकोस.

आधी बरं ते. आम्ही राहतो त्या घराच्या मालकीण बॅगशॉबाई फटकळ आहेत, पण जेवायला भरपूर घालतात. त्या आजोबांना म्हणतात, सिनेमात तुम्हाला फाशी झाली तेव्हा मी रडले होते मिस्टर फेन, आता तुम्ही जिवंतपणी किती कोळसा जाळता ते बघून रडते. रस्त्यात आजोबांना माणसं थांबवतात. काल एकाने विचारलं, तुम्ही आमच्या बँकेत होतात ना? आजोबा म्हणाले, होतो की, तुम्ही सही अजून तशीच वाकडी करता का? तो बिचारा ओशाळून गेला. मग मला म्हणाले, एवढे सिनेमे केले, नाव कुणाला ठाऊक नाही, पण तोंड सगळ्यांच्या ओळखीचं, बटलर आणि न्यायाधीश करणाऱ्याची कमाई ती एवढीच.

आता गुरुवारचं. इथल्या नाटक कंपनीत दर सोमवारी नवं नाटक लागतं. सकाळी पुढच्या आठवड्याची तालीम, संध्याकाळी या आठवड्याचा प्रयोग. म्हणजे डोक्यात एक भरत राहायचं आणि दुसरं ओतून टाकायचं. या आठवड्यातलं खुनाचं होतं, आजोबा त्यात डॉक्टर. पहिल्या अंकात त्यांना म्हणायचं असतं, चहा घेईन म्हणतो, पण साखर नको. तिसऱ्यात म्हणायचं असतं, चहा घेईन म्हणतो, पण बसायला वेळ नाही. गुरुवारी दुपारच्या खेळाला त्यांनी तिसऱ्या अंकात साखरेचं म्हटलं. समोरच्या मिस डॅव्हेनंटने सवयीने पहिल्या अंकातलं उत्तर दिलं, पुढच्याने त्याच्या पुढचं. बघता बघता सगळी मंडळी पहिल्या अंकात जाऊन पडली आणि बाहेर कसं यायचं ते कुणालाच सुचेना. पर्सी ग्रंडीचा दुसऱ्या अंकातच खून झालेला. तो विंगेत ड्रेसिंग गाऊन घालून सँडविच खात बसला होता. त्याच्या एंट्रीचं वाक्य कानावर पडलं आणि तो सरळ आत गेला. मेलेला माणूस, हातात सँडविच.

लोक इतके हसले की वरच्या गॅलरीतून कुणाची तरी टोपी खाली पडली. आजोबा नाही हसले. ते पर्सीकडे बघत मागे सरकले, खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. मी विंगेतून बघत होते. आई, तो अभिनय नव्हता.

नंतर दिग्दर्शक कॅलोसाहेब त्यांना देखाव्यामागे घेऊन गेले. कापडाच्या पलीकडे मी कपड्यांच्या घड्या करत होते. साहेब वाईट नाहीत, हळू आवाजात बोलले. म्हणाले, ऑगस्टस, परत एकदा असं झालं तर मला तरुण माणूस घ्यावा लागेल, पांढऱ्या केसांचा टोप चढवून भागवीन. आजोबा म्हणाले, टोप चढवशील, पण त्याच्या गुडघ्यांना म्हातारपण कोण शिकवेल? साहेब म्हणाले, गुडघे नसले तरी चालेल रे बाबा, संवाद हवेत.

घरी येताना आजोबांनी माझा दंड धरला होता. कधी धरत नाहीत. मला फार भीती वाटते.

तुझ्या मायेची इथे थंडीत जरा जास्तच गरज आहे, ती पाठवावी.
तुझी
मर्टल


नॉरिच,
१२ ऑक्टोबर

चि. मर्टलला,

अ. उ. आ. मोजे वेगळ्या पार्सलने येतायत, ते आशीर्वादापेक्षा गरम आहेत.

पत्र वाचून आधी हसले, मग रडले, मग एका बाईला निळ्याऐवजी जांभळी लोकर बांधून दिली. पर्सी ग्रंडीच्या सँडविचवर हसणारे पहिले माझे बाबाच असायला हवे होते. ते हसले नाहीत, यातच सगळं आलं.

मी लहान असताना बाबा सदा दौऱ्यावर. आई मला त्यांना भेटवायला सिनेमाला न्यायची. पडदा उजळला की थोड्याच वेळात कुणीतरी त्यांना मारायचं. एकदा मी, माझ्या बाबांना मारलं म्हणून एवढा गळा काढला की आम्हाला बाहेर घालवलं. त्यावर त्यांचं कार्ड आलं : मी जिवंत आहे, मटण महाग आहे, आईला छळू नकोस. बाविसाव्या वर्षी त्यांनी पहिला म्हातारा केला. बागेतल्या बाकावर बसून म्हाताऱ्यांचे गुडघे बघत शिकले. तेव्हापासून म्हातारेच. मला खरंच वाटायचं की बाबांना आता म्हातारपण यायचं नाही, आधीच येऊन गेलंय.

त्यांचे भाऊ हुबर्टकाका, त्यांचं असंच सुरू झालं होतं. दुकानातल्या वस्तूंची नावं आधी गेली. त्यांचं पुढचं तुला सांगत नाही.

इथली मागची खोली मी रिकामी करतेय. पण त्यांना ओढून आणायचं नाहीये मला. स्टेजवरून ओढलं तर महिनाभर टिकायचे नाहीत. आणि कॅलोने सगळ्यांदेखत काढलं तर त्याहून वाईट. साठ वर्षं होत आली त्यांना स्टेजच्या त्या फळ्यांवर. बाबांनी आपल्या पायांनी उतरावं, कुणी ढकलू नये, एवढंच मला हवंय. तोवर तू त्यांच्याजवळ राहा. बोलता आलं नाही तरी जवळ राहा.

मोजे घालशील तेव्हा आठवण काढ, नाही काढलीस तरी घालच.
आई


स्केलबी,
१९ ऑक्टोबर

ती. आईस,

सा. न. मोजे घालूनच लिहितेय.

सोमवारी जे नाटक लागणार ते अगदी नवं आहे, आजवर कुठे झालेलं नाही. आजोबा त्यात जहाजांना बंदरात वाट दाखवणारा म्हातारा. त्याचं घर विकलं जातं, एवढीच गोष्ट. आणि आई, नाटकातलं शेवटचं वाक्य आजोबांचं आहे! ते म्हणाले, जन्मात पहिल्यांदा. आजवर शेवटच्या पडद्याला मी एकतर मेलेला असायचो, नाहीतर ट्रे घेऊन आत गेलेला.

पण तीच तर भीती आहे. तुला ठाऊकच असेल, शेवटचं वाक्य तालमीत म्हणायचं नसतं. पहिल्या प्रयोगाआधी ते उच्चारलं तर नाटक बुडतं. म्हणून तिथे पोचले की सगळे थांबतात, आजोबा नुसती मान लववतात आणि कॅलोसाहेब म्हणतात, आणि पडदा. बाकीचे सगळे संवाद मी घरी आजोबांकडून रोज म्हणून घेते. सगळे येतात त्यांना. अडखळतात, पण येतात. शेवटचं काही केल्या म्हणत नाहीत. मी एकदा धीर करून म्हटलं, एकदाच, माझ्या कानात. त्यावर एवढे चिडले! म्हणाले, पाळणा हलायच्या आधी शवपेटीचं माप घेतेस का पोरी?

म्हणजे ते त्यांना येतं की नाही हे जगात कुणालाच ठाऊक नाही. कधीकधी शेगडीपुढे बसून ओठ हलवत असतात. मी आले की ओठ बंद. रिवाज पाळतायत की लपवतायत, मला कळत नाही. शेवटी मी ते वाक्य चिठ्ठीवर लिहून त्यांच्या नाटकातल्या टोपीत टाचून ठेवलं. त्यांनी टोपी घातली, काढली, चिठ्ठी न वाचता शेगडीत टाकली. म्हणाले, टोपी डोक्याला टोचत होती. (वाक्य तुलाही लिहीत नाही. उगाच कशाला.)

आता सर्वात वाईट. प्रॉम्प्टरबाईंना गालगुंड झालंय. कॅलोसाहेबांनी आजूबाजूला बघितलं आणि म्हणाले, ही फेनची नात सगळं नाटक पाठ असल्यासारखी ओठ हलवते, हिला बसवा. बॅगशॉबाई ऐकून म्हणाल्या, हिला? ही मला मीठ मागत नाही, अळणी खाते! पण साहेबांनी ठरवलं ते ठरवलं. मला त्यांनी एकच गोष्ट सांगितली. नट थांबला की तो मुद्दाम थांबलाय की विसरलाय हे ओळखायचं. मुद्दाम थांबला असताना बोललीस तर तो तुला सोलेल. विसरला असताना गप्प बसलीस तर मी सोलेन. कसं ओळखायचं ते विचारलं तर म्हणाले, ते कुणाला सांगता आलं असतं तर काय हवं होतं.

मी आजोबांना म्हटलं, आपण एक खूण ठरवू. विसरलात तर कान खाजवा. म्हणाले, खूण ठरवली म्हणजे विसरायचं ठरवलं.

जेवण घशाखाली उतरत नाही. तू इथे असतीस तर बरं झालं असतं, पण मग दुकान कोण बघणार.
तुझी
मर्टल


स्केलबी,
२० ऑक्टोबर

चि. एनिड हीस,

आशीर्वाद, नेहमीचेच, वापरलेले पण स्वच्छ धुतलेले.

तुझं पत्र मिळालं. मागच्या खोलीत ऊन छान येतं, भिंतीला नवा कागद लावलाय, खिडकीतून नासपतीचं झाड दिसतं, असं सगळं दोन पानं भरून. बेटा, मी भोळ्या माणसाचं काम पुष्कळ वेळा केलंय, स्वतः भोळा नाही. पोरीने तुला गुरुवारचं कळवलंच म्हणायचं. तिला रागावणार नाही. सोळा वर्षांची आहे, मांजरासारखी चालते आणि तोंड उघडत नाही. नाटक कंपनीत असं माणूस मी प्रथमच बघतोय. इथे भिंतीसुद्धा आपली बाजू मांडतात.

मला फाशी दिलंय, बुडवलंय, विष घातलंय, धावत्या गाडीतून फेकलंय. सोमवारी परत बोलावणं ठरलेलं. आणि अंक चुकतात ग. एकदा लढाईच्या आधी आमच्या आख्ख्या कंपनीने दुसरा अंक दोनदा केला होता. लोक म्हणाले, दुसऱ्या खेपेला जास्त रंगला. तेव्हा खोलीत सध्या लोकर ठेव.

कॅलो सोमवारी माझ्याकडे डोळ्यांत तेल घालून बघणार आहे, ते मला माहीत आहे. त्याने तरुण नट बघूनही ठेवलाय. परवा तो बाहेरच्या बाकावर बसून माझे गुडघे बघत होता. मी जरा जास्तच लंगडून दाखवलं, शिकू दे बिचाऱ्याला चुकीचं.

एक सांगतो, मग पत्र बंद करतो. वाक्य विसरायची मला भीती नाही. एक विसरलं तर दुसरं जोडता येतं, जन्मभर तेच केलं. भीती वेगळीच आहे. ती कागदावर उतरवली तर खरी होईल, म्हणून उतरवत नाही.

माया आहे तेवढी असू दे, वाढवायला जाऊ नकोस, मला संशय येतो.
तुझा बाप,
ऑगस्टस


नॉरिच,
२२ ऑक्टोबर

चि. मर्टलला,

आशीर्वाद, घाईतले, शनिवारची गर्दी आहे.

बाबांचं पत्र आलं. विनोद नेहमीपेक्षा जास्त आहेत, म्हणून मला जास्त भीती वाटतेय. सोमवारी संध्याकाळी मी दुकान लवकर बंद करून नुसती बसून राहणार आहे. तुला अमुक कर, तमुक कर म्हणून सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. तू त्या कोपऱ्यात आहेस, मी इथे. जे दिसेल त्याप्रमाणे कर. मी कशालाही बोल लावणार नाही, हे आत्ताच लिहून देते.

जेव मात्र.
आई


स्केलबी,
मंगळवार, २५ ऑक्टोबर

ती. आईस,

सा. न. घाईत लिहितेय, अक्षर समजून घे.

पहिल्यापासून सांगते. मला बसायला विंगेतला कोपरा, एक स्टूल, झाकलेला दिवा आणि नाटकाची वही. शेजारी एक बटण. ते दाबलं की वर पडदेवाल्याकडे हिरवा दिवा लागतो आणि तो पडदा सोडतो. शेवटचं वाक्य संपलं की दाबायचं. मिस डॅव्हेनंट जाताजाता म्हणाली, लाडके, चेहरा असा काय केलायस, फाशी आम्हाला आहे, तुला नाही. पर्सी म्हणाला, या वेळी मी शेवटपर्यंत जिवंत आहे, तेवढं लक्षात ठेव.

पहिला अंक छान गेला. आजोबा दोनदा थांबले, मी वहीवर बोट धरून बसले, दोन्ही वेळा ते थांबणं मुद्दामच होतं. दुसऱ्यात एक वाक्य गाळलं, मिस डॅव्हेनंटने सांभाळून घेतलं. तिसऱ्यात तर आई, ते आजोबा राहिलेच नव्हते. पेटी उचलायला वाकले तर पुढच्या रांगेतली एक बाई मदतीला अर्धी उठली.

मग शेवट आला. घर घेणारा माणूस किल्ली हातात घेऊन उभा. आजोबांनी खोलीभर नजर फिरवायची आणि ते वाक्य म्हणायचं. त्यांनी नजर फिरवली आणि थांबले.

आधी वाटलं, मुद्दाम थांबलेत. मग वाटलं, आता फार झालं. किल्लीवाला नट तिकडे किल्ली या हातातून त्या हातात करायला लागला. थिएटरात कुणी खोकेनासुद्धा. समोरच्या विंगेत कॅलोसाहेब पुढे वाकलेले मला दिसत होते. आणि मग आजोबांनी मान वळवून सरळ माझ्याकडे बघितलं. नट कधी प्रॉम्प्टरकडे बघत नाही. बघितलं म्हणजे संपलं.

वाक्य माझ्या बोटाखाली होतं. मी तोंड उघडलं. आवाज यायच्या बेतात होता, खरंच होता, या वेळी घसा अडला नव्हता. पण त्यांचा चेहरा बघितला. मला बघून ते घाबरलेले दिसले, मी काही वाईट बातमी घेऊन आल्यासारखे. आणि मला वाटलं, मी बोलले तर एवढ्या शांततेत शेवटच्या रांगेला ऐकू जाईल. कॅलोसाहेबांना तर जाईलच. मग काढतील त्यांना, लोकांदेखत.

मी बटण दाबलं.

पडदा खाली आला. वाक्य न बोलताच. बाहेर एकदम सामसूम. मला वाटलं, बुडवलं मी सगळं. आणि मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. कॅलोसाहेब धावत आले. मी डोळे मिटले. तर त्यांनी आजोबांना मिठी मारली आणि ओरडले, न बोलायचं कुणी सुचवलं तुला, म्हाताऱ्या? त्या वाक्याने सगळा रंग गेला असता! हे कुणाचं डोकं? आजोबा म्हणाले, त्या मुलीला विचारा. सगळे हसले.

आज सकाळच्या पेपरात आलंय की मिस्टर फेन यांनी शेवटी एक शब्दही न उच्चारता जे सांगितलं ते बाकीच्या नाटकाला सांगता आलं नाही. साहेबांनी त्यांना वसंतापर्यंत राहा म्हटलंय. तरुण नट सकाळच्याच गाडीने गेला. वाचले, आई. ते विसरले होते हे फक्त मला ठाऊक आहे आणि मी तुझ्याशिवाय कुणाला सांगणार नाही.

पण भीती जात नाही. आज परत तेच आहे.

बोल लावणार नाहीस असं लिहून दिलंयस, ते पत्र जपून ठेवलंय.
तुझी
मर्टल


स्केलबी,
बुधवार, २६ ऑक्टोबर

चि. एनिड हीस,

आशीर्वाद. आज विनोद नाही.

तुला पोरीचं पत्र पोचलं असेल. आता माझं वाच आणि तिला दाखवू नकोस.

वाक्य मला येत होतं. पहिला प्रयोग झाला, आता लिहायला हरकत नाही. हे घे : ती खिडकी तेवढी नीट लागत नाही. एवढंच. त्या माणसाचं घर जातंय आणि तो जाताना एवढंच सांगतो. फार चांगलं वाक्य आहे. जिभेच्या टोकावर होतं. मी मुद्दामच थांबलो होतो, ते थांबणं आठवडाभर मनात घोळवलं होतं.

थांबलो असताना नजर कोपऱ्यात गेली. तिथे दिव्याखाली एक मुलगी बसली होती. पांढरीफटक पडलेली, तोंड उघडं. मला वाटलं, ही कोण? कुणाची? हिला एवढं कुणी घाबरवलं? एनिड, मी तिच्याकडे बघत राहिलो आणि मला ती कोण ते सापडेना. मी कुठे आहे ते माहीत होतं, कुठलं नाटक ते माहीत होतं, पुढचं वाक्य माहीत होतं. फक्त ती माहीत नव्हती. मग वाक्याचं काय करायचं ते मला कळेनासं झालं.

पडदा पडला. टाळ्या, कॅलो, सगळं झालं. ती माझा कोट घेऊन आली. तिच्या त्या मांजरासारख्या चालण्यावरून ओळखलं.

हे पहिल्यांदा झालेलं नाही. जिन्यात झालंय, न्याहारीला झालंय. मी लाडके म्हणून वेळ मारून नेली. नाटकवाले सगळ्यांना लाडके म्हणतात ते काही प्रेमाने नव्हे. हुबर्ट नट नव्हता, त्याला ही युक्ती ठाऊक नव्हती, म्हणून तो लवकर पकडला गेला.

शनिवारचा खेळ माझा शेवटचा, असं मी कॅलोला आज सांगितलं. तो हातापाया पडला. आता गंमत ऐक. आयुष्यात पहिल्यांदा शेवटचं वाक्य मिळालं आणि ते म्हणायला त्याने मला बंदी केलीय, रोज गप्पच राहा म्हणतो. असो. ढकलणारं कुणी नाही, उलट धरून ठेवतायत. उतरायला याहून चांगली पायरी मिळायची नाही.

मी वाक्य विसरलो आणि तिने मला वाचवलं, असं पोरीला वाटतंय. वाटू दे. वाचवलं हे खरंच आहे. खोलीतली लोकर काढ. रविवारी येतो.

तुझा
बाप


नॉरिच,
२८ ऑक्टोबर

चि. मर्टलला,

अ. उ. आ. बटण दाबलंस त्या बोटाला वेगळे.

बाबा रविवारी तुझ्याबरोबर इकडे येतायत, कायमचे. त्यांनी स्वतः ठरवलंय, तेव्हा रडू नकोस आणि त्यांना काही विचारत बसू नकोस. बॅगशॉबाईंचे आभार मान, तोंडाने, नुसतं हसून नाही. खोली तयार आहे.

एक काम सांगते. का ते आत्ता विचारू नकोस, भेटल्यावर बोलू. उद्यापासून सकाळी त्यांच्याकडे चहा घेऊन गेलीस की आधी आपलं नाव सांगायचं. मोठ्याने, स्पष्ट. आजोबा, मी मर्टल, तुमची नात, चहा आणलाय. ते काही म्हणायची वाट बघायची नाही, ते आठवायला लागायच्या आधी सांगून टाकायचं. त्यांनी हसण्यावारी नेलं, माहीत आहे ग म्हणाले, तरी दुसऱ्या दिवशी परत सांगायचं. रोज. दुकानात अडखळायचीस तशी अडखळलीस तरी चालेल, पण नाव आधी.

रविवारी स्टेशनवर मी उभी असेनच. गाडीतून उतरलात की मीही माझं नाव सांगेन.

तुझी आई,
एनिड